बारीक कच

येऊरचा उतार संपत येतो तिथे, चौकीच्या जरा खाली,
पुढचं चाक खडीवर गेलं
आणि सायकल एकीकडे, मी एकीकडे.
काही मोडलं नाही. हे आधी सांगून टाकते,
कारण घरी सगळ्यांना मोडलेलंच ऐकायचं होतं.
त्रेपन्नाव्या वर्षी कुणी सांगितलं होतं?
कुणीच नाही.

उजवा तळवा सोलला. ढोपराला चिंचोक्याएवढी खोक.
हेमलता सिस्टर चिमट्यानं एकेक खडा काढून
स्टीलच्या वाटीत टाकत होती. टिंग.
बारीक कच आत राहिली तर कातडीखाली निळी दिसते, म्हणाली,
गोंदल्यासारखी, जन्मभर.
मी मोजत होते. एकतीस.
बत्तिसावा तिला दिसला नाही,
मला दिसला होता.
मी गप्प राहिले.

पाडव्याच्या मोठ्या रांगोळीत डावा कोपरा
गेली अकरा वर्षं माझा.
पट्टी बांधलेल्या हातात चिमूट धरत नाही,
कोपरा यंदा दुसऱ्या कुणाला.
म्हणून शकुंतला म्हणाली, चल, नुसतं बघायला तरी चल,
कोलशेतला शाळेच्या हॉलमध्ये लामा आलेत.

निळा पाट, तीन हात लांब, तीन हात रुंद.
त्यावर चौघं ओणवे, तोंडाला फडकी,
श्वासानं रंग उडू नये म्हणून.
बिल्डरच्या ऑफिसात मी तीस वर्षं जिने काढले,
मला लगेच कळलं: हा प्लॅन आहे.
भिंती, ओटे, चार दिशांना चार दरवाजे.
पार्किंग तेवढं नव्हतं.

आणि तो आवाज.
खाचा पाडलेली निमुळती नळी, त्यावर दुसरी नळी घासायची,
खर्र, खर्र, की टोकातून रेती उतरते
मुंगीच्या रांगेएवढी.
हा आवाज मी ओळखते.
चढ संपल्यावर पायडल सोडलं
की मागच्या चाकातून हाच येतो.
पडण्याआधी शेवटचा ऐकला तोही हाच.

चहाच्या सुट्टीत त्यांच्यातला धाकटा, जाम्पा,
माझ्या पट्टीकडे बघून म्हणाला, साइकिल?
तुला कसं कळलं?
त्यानं कोपर पुढे केलं.
बायलकुप्पे, शाळेचा उतार, ब्रेक नव्हता.
कातडीखाली एक निळा ठिपका.
आम्ही दोघं हसलो, म्हणजे
मी जरा जास्तच.

पाचव्या दिवशी थोरल्या लामानं अंगठा टेकवला
आणि पूर्वेच्या दारापासून मधोमध रेघ ओढली.
मग कुंचला.
शकुंतलेच्या डोळ्यांत पाणी आलं.
माझ्या मनात आलं, एवढे रंग एकत्र झाले तर
करडाच होतो शेवटी,
सिमेंटसारखा.
दुसरं काही सुचलं नाही. हात ठणकत होता.

संध्याकाळी रेतीबंदरला गेलो, खाडीवर.
तिथे बाळाराम नाखवा बसून होता.
तरुणपणी बादली घेऊन बुडी मारायचा, तळाची रेती उपसायचा,
तीच रेती ट्रकात, तीच माझ्या जिन्यांत.
मरून चोळ्यांची माणसं बघून त्यानं विचारलं, काय घालतात?
रेती.
रेती? खाडीत?
इथनं सगळ्यांनी नेली. घालताना कुणाला बघितलं नाय.
जरा वेळानं म्हणाला, किती ब्रास?

एक कलश होता. भरतीचं पाणी गढूळ,
कलश रिकामा झाला तरी पाणी तसंच.

उरलेल्या रेतीच्या पुड्या वाटल्या, प्रत्येकाला चिमूटभर.
मी डावा हात पुढे केला आणि कानकोंडी झाले.
प्रसाद असा घेत नाहीत.
जाम्पानं ठेवली. त्याला काहीच वाटलं नाही.

आता खपली खाजते. हँडल अजून थोडं डावीकडे बघतं.
पुडी पंक्चरच्या डबीत आहे, सोल्यूशनच्या ट्यूबशेजारी,
आणि अंगठ्याच्या खाली, दाबलं तर लागतो,
बत्तिसावा.